तिसऱ्या ओळीतला बिंदू

वाक्याचे क्रियापद तेवढे यायचे राहिले होते, आणि पडदा काळा झाला. ‘शाईचा शिंतोडा आणि अक्षर यांतला भेद ज्याला कळत नाही, असा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर’ – इथवर प्राध्यापक आले होते. पुढचे शब्द, ‘असूच शकत नाही’, मनात कधीचे धार लावून तयार होते. किंबहुना गेले काही आठवडे सगळे परीक्षण याच एका वाक्याच्या दिशेने पावले टाकत चालले होते. आरंभ त्यांनी नेहमीप्रमाणे स्तुतीने केला होता. ग्रंथाची बांधणी मजबूत आहे, सूची निर्दोष आहे, कागद उत्तम आहे. ज्याला कापायचे त्याला आधी नीट बसवून घ्यावे, अशी त्यांची पद्धत. संस्थेतले लोक त्यांना पाठीमागे ‘करवत’ म्हणत. ते त्यांच्या कानावर होते आणि मनातून आवडतही असे, फक्त आपण करवतीपेक्षा पुष्कळच बारीक कापतो एवढी त्यांची तक्रार होती. टंकताना उजव्या मुठीत शाईचे पेन धरून ठेवायची त्यांची जुनी खोड, जणू यंत्राला वचक राहावा म्हणून. काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा दिसताच त्यांनी संतापाने हात झटकला. टोपण नसलेल्या पेनातली शाई बाहीवर उडाली, आणि त्यांनी आणखी भडकून त्या डागांनाही चार शब्द सुनावले.

“अहो, काय झालं? कुणावर ओरडताय?” स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला.

“मेला!”

“कोण?”

“संगणक.”

“हात्तिच्या! मला वाटलं, ते संपादक.”

संपादक जिवंत होते, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना परीक्षण हवे होते. ते ज्या अंकात छापून येणार, तो अंक समोर ठेवून संस्थेची समिती बसणार होती: प्राध्यापकांच्या निवृत्तीच्या दिवशी कुलूप घातलेला लिपिविभाग, जिथे आता मोडक्या खुर्च्यांचे वास्तव्य होते, पुन्हा उघडावा काय, आणि उघडल्यास या ग्रंथाच्या लेखिकेच्या हाती द्यावा काय, हे ठरवायला. लेखिका ही एकेकाळची त्यांची शिष्या. ‘एकेकाळची’ हा शब्द प्राध्यापकांनी परीक्षणात दोनदा वापरला होता. ग्रंथाचा विषय एक शिलालेख, त्यांचाच. त्याच्या तिसऱ्या ओळीत एका अक्षराच्या डोक्यावर एक लहानसा बिंदू कोरलेला आहे, आणि त्या भाषेत असा बिंदू दुसरीकडे कुठेही सापडत नाही. तरुणपणी प्राध्यापकांनी सिद्ध केले होते की तो विरामबिंदू आहे, श्वास घेण्याची खूण. आणि ज्याअर्थी कोरणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा हे ठाऊक होते त्याअर्थी तो निव्वळ कोरणारा नव्हता, तो स्वतःच कवी होता. या बिंदूवर त्यांची पदवी उभी होती, विभाग उभा होता, दोन पिढ्यांची पाठ्यपुस्तके उभी होती. शिष्येचे म्हणणे असे, की दगडावर मजकूर आधी कुणीतरी शाईने लिहून दिला, लिहिताना शाई उडाली, आणि ज्याला वाचता येत नव्हते अशा कारागिराने अक्षरांबरोबर तो शिंतोडाही इमानेइतबारे कोरून ठेवला. एका मेलेल्या माणसाला निरक्षर ठरवून तिने एका जिवंत माणसाला बेकार केले होते.

मुलाचा फोन लागला तेव्हा तो घाटात होता. तो आणि सून दुसऱ्या गावी घर बघायला गेले होते, आणि जाताना सुनेच्या आईला इथे ठेवून गेले होते. “बाबा, डिस्क शाबूत असेल, सिस्टिम तेवढी गेलीय,” तो ओरडून सांगत होता. “पुन्हा टाकावी लागेल. कपाटाच्या वरच्या खणात हिचा लाल पेनड्राइव्ह आहे. तो लावा आणि चालू करा. फक्त एक आहे –”

“काय?”

“ते सगळं हिच्या भाषेत आहे. हिच्या शाळेनं बनवून घेतलेलं. भाषा बदलायची सोय नाही त्यात.”

“मग मी वाचू कसं?”

“बाबा, तुम्ही विचारताय? तुम्ही तर दगड वाचता!” आणि बोगदा लागला असावा, कारण त्यानंतर फोनने केवळ घरघर केली.

“विहीणबाईंना बोलवा की,” दारात उभी राहून पत्नी म्हणाली. “त्यांचीच भाषा आहे. दिवसभर मटार सोलतायत बिचाऱ्या. मी नको नको म्हणते, त्या हसतात, की मी आणखी आणून ठेवते.”

“या खोलीत? जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही आणि विहीणबाईंना बोलावू? आणि त्यांना संगणकातलं काय कळतं?”

“तुम्हाला तरी काय कळतं? निदान वाचता तरी येईल त्यांना. नाहीतर फोनला विचारा, फोन भाषांतर करतो म्हणे.”

“शेजारच्या पोपटाला विचारतो त्यापेक्षा,” प्राध्यापक म्हणाले, आणि लाल पेनड्राइव्ह यंत्राच्या कुशीत खुपसला. विहीणबाई आल्यापासून त्यांच्यात आणि प्राध्यापकांत केवळ स्मिताची देवाणघेवाण चालू होती, आणि स्मित ही भाषा म्हणून त्यांना नेहमीच अपुरी वाटे: तिला कोश नाही. विहीणबाईंना लेकीकडून ऐकून चारच शब्द येत, ‘छान’, ‘पुरे’, ‘आणखी’ आणि ‘बाबा’. लेक सासऱ्यांना ‘बाबा’ म्हणते म्हणून त्याही म्हणत. जवळपास आपल्याच वयाच्या बाईने जेवताना पानाकडे बोट दाखवून “बाबा, आणखी?” असे विचारावे, यावर काय मुद्रा करायची ते प्राध्यापकांना अजून ठरवता आले नव्हते.

पडदा उजळला. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा चौकोन, चौकोनात काळ्या अक्षरांच्या ओळी, आणि त्यातले एकही अक्षर त्यांच्या ओळखीचे नव्हते. गेल्या कित्येक वर्षांत असे झाले नव्हते. मेलेल्या भाषांनीही त्यांच्यासमोर एवढा उद्धटपणा केला नव्हता. मेलेली भाषा निदान अदबीने पडून राहते, ही जिवंत होती, उसळणाऱ्या पाण्यासारखी काहीतरी बोलत होती, आणि त्यांच्याशीच बोलत होती. खाली उजव्या कोपऱ्यात एक कळ निळ्या कडेने उजळली होती. दुरुस्तीवाल्याला हेच काम करताना त्यांनी एकदा बाजूला बसून पाहिले होते. पुढे जायची कळ उजवीकडे असते एवढे त्यांना आठवत होते. त्यांनी ती दाबली. पडदा बदलला. पुन्हा दाबली. एक पट्टी आली आणि डावीकडून हिरवी होत गेली, आणि आपण काहीही न वाचता काहीतरी घडवून आणले, या जाणिवेने त्यांना गुदगुल्या झाल्यासारखे झाले, आणि ते चपापले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अक्षरांकडे पाहू लागले, वाचू लागले नव्हे, कारण वाचणे शक्यच नव्हते. काही अक्षरांची पोटे सुटलेली होती. काही एका पायावर उभी होती. एक अक्षर पुन्हा पुन्हा येत होते, मांजराने शेपूट अंगाखाली घेऊन बसावे तसे. एका ओळीत अशी तीन मांजरे पाहून ते स्वतःशीच हसले. आयुष्यात इतकी अक्षरे त्यांच्या डोळ्यांखालून गेली, पण पाहिले असे एकही नव्हते. डोळा टेकतो न टेकतो तोच अर्थ धावून येई आणि अक्षराला बाजूला सारून स्वतः पुढे उभा राही, एखाद्या आगाऊ नातेवाइकासारखा. आज तो घरी नव्हता.

आणि तो घरी नव्हता म्हणूनच बहुधा, रंगाच्या तेलाचा वास आला. वडील पाट्या रंगवत. गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक खोली, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, डब्यांत उभे ब्रश. त्या शहरात नाना भाषांचे दुकानदार होते, आणि ते आपापल्या लिपीत चिठ्ठ्या आणून देत, आणि वडील त्यावरून पाटी उतरवीत. आपल्या लिपीतली पाटी रंगवताना ते गप्प असत. ‘थुंकू नये’ आणि ‘चपला बाहेर काढाव्यात’ हे रंगवताना माणूस गाणार तरी काय. पण परक्या लिपीची चिठ्ठी आली की ते गुणगुणू लागत. मोठा बाक ओढून घेत, डोके तिरपे करीत, आणि एखाद्या वळणावर ब्रश असा फिरवीत की जणू त्या वळणापलीकडे त्यांना कुणी भेटणार आहे. शाळेत नुकतेच नाव घातलेला मुलगा विचारी, “बाबा, काय लिहिलंय?” आणि वडील हसून म्हणत, “कुणास ठाऊक! पण ही कमान बघ, काय झोकात वळलीय.” मुलाला ते उत्तर सहन होत नसे. वर्गात पोरे म्हणत, तुझा बाप काय लिहितो ते त्याचं त्यालाच माहीत नसतं, आणि ते खरे असल्यामुळे मारामारीही करता येत नसे. त्यानंतर तो मुलगा वाचत सुटला. ज्या ज्या लिप्या जगात होत्या त्या, आणि ज्या नव्हत्या त्याही. एकही पाटी आपल्याला अशी भेटू नये की जिच्यासमोर ‘कुणास ठाऊक’ म्हणावे लागेल. आणि पुढे कधीतरी, एका दूरच्या टेकडीवर, छिन्नी धरलेल्या एका अनाम माणसाच्या वतीने तो उभा राहिला, आणि त्याने जगाला ठणकावून सांगितले की याला वाचता येत होते.

हा विचार प्राध्यापकांनी पुरा होऊ दिला नाही, कारण पडद्यावर लाल त्रिकोण उगवला होता. त्रिकोणाच्या बाजूला तीन ओळींचा मजकूर, खाली दोन कळा, आणि या खेपेस कुठलीच उजळलेली नव्हती. यंत्र वाट पाहत होते. दुरुस्तीवाला इथेच थांबला होता, हेही त्यांना आठवले, त्याने विचारले होते, “जुनं सगळं ठेवायचं की पुसायचं?” म्हणजे या दोहोंतली एक कळ परीक्षणाला वाचवणारी आणि दुसरी त्याचा पत्ता कायमचा पुसणारी. उजवी की डावी, हे मांजरे सांगणार नव्हती. त्यांनी मुलाचा फोन पुन्हा लावून पाहिला. बोगदा फारच लांब असावा. पत्नी मागून म्हणाली, “काढते मी फोनवर फोटो, नेऊन दाखवते त्यांना.” पण फोटोवर प्राध्यापकांचा कधीच विश्वास नव्हता. फोटो दाखवतो, पण पाहत नाही, असे त्यांनी वर्गात दरवर्षी सांगितले होते. शिलालेख हाताने उतरवायचा. त्यांनी हाताने उतरवलेल्या नकला दूरदूरच्या ग्रंथालयांत काचेखाली ठेवलेल्या होत्या, आणि त्यांचे वैरीही त्या नकलांपुढे टोपी काढत. त्यांनी कोरा कागद घेतला, पेन पुसले, आणि उतरवू लागले.

किती वेळ गेला ते कळले नाही. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. पोटे पोटांसारखी सुटली, मांजरे शेपटी दुमडून बसली. तिसऱ्या ओळीत एका अक्षराच्या डोक्यावर एक बारीक ठिपका होता, गोल नव्हे, उजवीकडे किंचित निमुळता; तो निमुळतेपणाही त्यांनी पेनाच्या टोकाने अचूक पकडला. आणि मग त्यांच्या लक्षात आले की खोलीत कुणीतरी गुणगुणते आहे. ते थांबले, आणि गुणगुणणे थांबले.

कागद घेऊन पत्नी स्वयंपाकघरात गेली. भिंतीपलीकडून आधी “छान!” ऐकू आले, मग पुन्हा “छान, छान!”, विहीणबाईंना अक्षर आवडले होते, आणि प्राध्यापकांची मान नकळत ताठ झाली. मग एक प्रश्नार्थक हुंकार. मग त्या बाईंना हसू फुटले, मोठे, अनावर, मटाराचे भांडे कलंडेल असे, आणि पाठोपाठ पत्नीही हसली, जरी तिला काय झाले ते कळण्याचे काही कारण नव्हते. पावले वाजली. पसाऱ्यातून वाट काढत, पदार्पणाचा कसलाही संकोच न करता, विहीणबाई थेट टेबलापाशी आल्या. त्यांनी कागदावरच्या तिसऱ्या ओळीतल्या त्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि भुवया उंचावल्या. प्राध्यापकांनी पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवले: हे काय, आहे की. विहीणबाईंनी पडद्याकडे वाकून पाहिले. मग अंगठा जिभेला लावला आणि पडद्यावरचा तो ठिपका पुसून टाकला.

ठिपका गेला. अक्षर होते तिथेच राहिले, उघड्या डोक्याने.

“बाबा,” विहीणबाई म्हणाल्या, आणि अंगठ्यावरचा निळा-काळा डाग आधी त्यांना दाखवला, मग त्यांच्या बाहीवरच्या डागांना बोट लावले, आणि पुन्हा हसू लागल्या.

प्राध्यापक खुर्चीतून उठले. मघाशी काळ्या पडद्यावर त्यांनी पेन झटकले होते. तो ठिपका आधीच्या प्रत्येक पडद्यावर त्याच जागी असणार, निळ्यावर, पट्टीवर, कोऱ्या जागेवर. तिथे त्यांना तो दिसलाही नव्हता. अक्षराच्या डोक्यावर येऊन बसला तेव्हाच तो अक्षर झाला. आणि त्यांनी तो उतरवला, मान तिरपी करून, निमुळतेपणासकट. ज्याला ही भाषा येते त्याच्या हातून हे कदापि झाले नसते. विहीणबाईंच्या डोळ्यांनी तो ठिपका अक्षर म्हणून घेतलाच नाही, दारातल्या धुळीसारखा ओलांडला. फक्त एकाच तऱ्हेचा माणूस शिंतोडा उतरवतो: ज्याला काही वाचता येत नाही, आणि म्हणून जो काहीही गाळायला धजत नाही. शिष्येने हेच लिहिले होते, पृष्ठ मोठे संयमी होते, आणि त्याच पृष्ठावर त्यांनी समासात पेन्सिलीने ‘हास्यास्पद!’ असे लिहिले होते. आता संताप यायला हवा होता. ते त्याची वाट पाहत उभे राहिले, ओळखीच्या पाहुण्याची वाट पाहावी तसे. पण पायांच्या तळव्यांतून जे वर सरकत आले ते काही वेगळेच होते, आणि ते गळ्याशी पोहोचेपर्यंत त्यांना कळलेच नाही की ते हसू आहे. टेकडीवरचा तो माणूस त्यांना प्रथमच दिसला. कवी नव्हता तो. दगडावर वाकलेला, तोंडात धूळ, जिभेचे टोक दातांत, एका वळणाशी थबकलेला. कुणास ठाऊक काय लिहिलेय, पण ही कमान बघ! आणि तो गात होता. आयुष्यभर त्यांनी ज्याला विद्वान ठरवून उपाशी ठेवले होते, तो बेटा मजेत होता.

“अहो, बरं वाटतंय ना?” पत्नीने घाबरून विचारले. “बसा. पाणी देऊ?”

“अगं, मी चुकलो!” प्राध्यापक म्हणाले. डोळे पुसत, पोट धरून म्हणाले. “सपशेल! आमूलाग्र!”

“अगोबाई!” पत्नी खुर्चीवरचे ग्रंथ बाजूला करून स्वतःच बसली. “लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. विहीणबाई, तुम्ही राहाच आता.”

विहीणबाईंनी ‘आणखी’ म्हटले, ते कशाला उद्देशून ते कुणालाच समजले नाही. मग त्यांनी लाल त्रिकोणाचा मजकूर ओठ हलवत वाचला. डाव्या कळेवर बोट ठेवून दोन्ही हात छातीशी कवटाळले. उजव्या कळेवर बोट ठेवून तळहाताने हवा पुसली. आणि प्राध्यापकांकडे पाहिले: कुठली? क्षणभर त्यांचा हात उजवीकडे गेला. सगळे पुसून टाकण्यात एक ऐट होती, आणि ऐट त्यांना आवडे. पण पुसल्यावर पुराव्याचे काय? लिहिणाऱ्याची घमेंड हीही एक नक्कलच, ती शिंतोड्यासकट शाबूत राहिली पाहिजे. त्यांनी डावी कळ दाबली. “छान,” विहीणबाई म्हणाल्या.

दिवेलागणीच्या आधी यंत्र उठून बसले. सगळे विहीणबाईंच्या भाषेत, जिकडेतिकडे मांजरे. पण कळफलक अजून जुनी अक्षरे उमटवत होता, आणि परीक्षण जिथे तुटले होते तिथे तुटलेलेच होते. त्यांनी ते तसेच ठेवले. आधी पत्नीकडून त्या कागदाचा फोटो काढवून घेतला (“फोटो? तुम्ही?” “काढ गं!”) आणि काही न लिहिता तो शिष्येला पाठवला. कित्येक वर्षांत दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. फोन जवळजवळ लगेच वाजला.

“सर? हे तुम्ही पाठवलंत? की चुकून लागलं?” आवाज सावध होता.

“तिसरी ओळ बघ.”

पलीकडे पाने चाळल्याचा आवाज आला. मग आवाजातला सावधपणा गळून पडला, आणि त्यांना आठवली ती मुलगी बोलू लागली, जी शेवटच्या बाकावरून हात वर न करताच बोलत असे. “सर, हा ठिपका या लिपीत असूच शकत नाही! मी आत्ता कोष्टक बघितलं. आणि रेषा बघा, प्रत्येक वळणाला सारखाच वेळ दिलाय. वाचणारा असं करत नाही, त्याला पुढच्या शब्दाकडे जायची घाई असते. हा वाचतच नाहीये. याला काही म्हणजे काही कळत नाहीये! कुठे मिळाला हा तुम्हाला? मला असाच नमुना हवा होता, जिवंत माणसाचा, सगळे म्हणत होते की असं कुणी करतच नाही. हात काय सुंदर आहे पण. असा हात मी एकदाच –” ती थांबली. “सर, कोण आहे हा?”

“मी,” प्राध्यापक म्हणाले.

पलीकडून जे आले ते रडणे की हसणे हे ठरवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. “नमुना तुझा. पुढच्या आवृत्तीत घाल,” ते म्हणाले, “आणि खाली नाव घालू नकोस. ‘एक निरक्षर कारागीर’ एवढंच पुरे. आता ठेव फोन, मला संध्याकाळच्या आत एक परीक्षण पाठवायचंय. तो विभाग उघडला की आधी त्या खुर्च्या बाहेर काढ.”

स्वयंपाकघरात दोन विहिणी एकमेकींना न कळणाऱ्या भाषांत मोठमोठ्याने काहीतरी सांगत होत्या, आणि दोघींनाही सगळे कळत असावे. प्राध्यापकांनी खुर्ची पुढे ओढली. बाहीवरचे डाग वाळले होते. पडद्यावर ते वाक्य अजून त्यांची वाट पाहत होते: ‘शाईचा शिंतोडा आणि अक्षर यांतला भेद ज्याला कळत नाही, असा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर’ – आणि गुणगुणत, एकेक कळ सावकाश दाबत, त्यांनी राहिलेले क्रियापद लिहिले. ‘आहे.’